तिसऱ्या साच्यावरच्या माणसाला नाव द्या : खान्देशातल्या गेम बनवणाऱ्या मुलामुलींना खुले पत्र

खान्देशातल्या गेम बनवू पाहणाऱ्या मुलामुलींनो,

गेल्या फेब्रुवारीत तुमच्यातल्या चौघांनी एका कॉलेजच्या प्रदर्शनात आपला गेम मांडला होता. टेबलावर लॅपटॉप, मागे काळा कपडा, आणि स्क्रीनवर अंधारा कारखाना. एक वाकलेला माणूस डावीकडून उजवीकडे चालत जातो. वरून कॅमेऱ्याचा झोत फिरतो, झोतात सापडला की गोळी. मी शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांना घेऊन आले होते. तुम्ही त्यांना एकेक करून खेळायला दिलंत, न कंटाळता समजावून सांगितलंत. घरी जाताना सगळी मुलं त्याच गेमबद्दल बोलत होती. हे आधी सांगते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते तुमच्या मेहनतीला नावं ठेवण्यासाठी लिहीत नाही.

तुमच्या गेममध्ये एका ठिकाणी साचे, म्हणजे कापड विणायचे माग आहेत. ओळीनं चार साचे, प्रत्येकावर एक माणूस. झोत चुकवून पलीकडे जायचं तर तिसऱ्या साच्यावरच्या माणसाकडे पॉइंटर रोखायचा. तो काम सोडून झोताखाली जाऊन उभा राहतो, कॅमेरा त्याच्याकडे वळतो आणि आपण मागून निसटतो. गोळीचा आवाज आपल्या पाठीमागे होतो. मी विचारलं, "हा कोण आहे?" तुमच्यातली मुलगी म्हणाली, "मॅडम, तो एनपीसी आहे." म्हणजे खेळणारा ज्याच्या रूपानं खेळत नाही असं गेममधलं पात्र. मी परत विचारलं, "नाव काय त्याचं?" ती हसली, पण वाईट हसली नाही. प्रश्नच कळला नाही असं हसली. मग तुम्ही सांगितलंत की ही कल्पना 'ब्लॅक द फॉल' नावाच्या गेमवरून सुचली, आणि तो मी जरूर खेळावा.

मी खेळले. मे महिन्याच्या सुट्टीत, मुलाला शेजारी बसवून. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नाही. दुपारी वीज गेली की इन्व्हर्टरवर तासभर, मग पुन्हा संध्याकाळी. तीन दिवसांत संपला. खरं तर एवढासुद्धा मोठा नाही, हात बसलेला माणूस चार-पाच तासांत संपवेल. संपल्यावर मी दोनदा हे पत्र लिहायला बसले आणि दोनदा फाडलं. आता लिहितेच.

हा गेम रोमानियातल्या बुखारेस्टच्या सँड सेलर स्टुडिओनं केला. छोटी टोळी होती. 2014 मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे गोळा केले, पुढे स्क्वेअर एनिक्स या मोठ्या गेम कंपनीच्या कलेक्टिव्ह या उपक्रमातून 11 जुलै 2017 ला तो बाहेर आला. बाजूनं दिसणारा, पुढे पुढे सरकत जाणारा, कोड्यांचा गेम. नायक म्हातारा मशिनिस्ट आहे. सगळं आयुष्य कारखान्यात गेलेलं, आता पळून जायचंय. एक शब्द कुणी बोलत नाही. त्याच्या हाताला एक पॉइंटर लागतो, तो ज्या कामगारावर रोखावा तो कामगार सांगितलेलं करतो. पुढे एक टाकून दिलेला छोटा रोबो सापडतो आणि तो सोबतीला येतो.

त्यातलं जे चांगलं आहे ते मनापासून चांगलं आहे. यंत्रांचे आवाज ऐका. माणूस किती लहान आणि भिंत किती उंच, हे दाखवायला त्यांनी कॅमेरा जसा मागे नेलाय तसा न्यायला धाडस लागतं. नायक तरणाबांड नाही, म्हातारा आहे, धावताना दमलेला वाटतो. गेममध्ये म्हातारा कामगार नायक किती वेळा दिसतो? माझ्या मुलानं पहिल्याच मिनिटाला विचारलं, "आई, हा आबांसारखा चालतो ना?" माझ्या वडिलांसारखा. तेवढ्यानं मी त्या गेमच्या बाजूची झाले होते.

म्हणून पॉइंटर हातात आल्यावर मला जास्त लागलं.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, खान्देशातल्या एका कापड गिरणीत साच्यावर होते. बावीस वर्षं. आधी बदली कामगार, मग कायम. साचेखात्यात आवाज किती असतो हे ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून कळणार नाही. आडवं सूत नेणारे शेकडो धोटे एका वेळी इकडून तिकडे आपटतात. शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. आप्पा निवृत्तीच्या वयाचे झाल्यावरही घरात एवढ्या मोठ्यानं बोलत की पाहुण्यांना वाटायचं भांडण चाललंय. तर त्या आवाजात ही माणसं बोलायची कशी? हातानं आणि ओठांनी. डोक्यावर पंजा ठेवला की जॉबर, म्हणजे खात्यावरचा मुकादम, येतोय, कारण त्यांचा जॉबर टोपी घालायचा. अंगठा ओठाला लावला की चहा. करंगळी हवेत फिरवली की धोट्यातली सुताची कांडी संपत आली, माझ्याकडे बघ. पोटावर मूठ म्हणजे डबा नाही आणलेला आज, आणि ही खूण केली की मधल्या सुट्टीत कुणीतरी अर्धी कळण्याची भाकरी पुढे करायचं. बोट रोखायची खूण मात्र त्यांच्यात नव्हती. आप्पा सांगतात, "बोट दाखवतो तो सायेब. आपण हात दाखवायचा." पूर्ण पंजा, उघडा.

आता त्या गेमचा नायक आठवा. त्याच्याभोवती त्याच्यासारखेच कामगार आहेत. त्यानं आयुष्यभर त्यांच्याशेजारी काम केलं असणार. त्याला एक साधन मिळतं आणि त्या साधनानं तो काय करतो? साहेब जे करत होता तेच. माणसावर बोट रोखतो, माणूस निमूट चालायला लागतो. दार उघडायचंय, एखादी खीळ ओढायचीय, कॅमेऱ्याची नजर वळवायचीय, रोखा बोट. काम झालं की तो तिथेच राहतो आणि आपण पुढे. त्याचं पुढे काय झालं हे गेम विचारत नाही, आणि आपल्यालाही विचारू देत नाही. सोबतीला आलेल्या रोबोलासुद्धा आपण त्याच पॉइंटरनं कामं सांगतो. मैत्रीचं यंत्र आणि मालकीचं यंत्र एकच.

कुणी म्हणेल, त्यांना हेच तर दाखवायचं असेल. जुलमात राहिलेला माणूस जुलमाचीच भाषा बोलतो. मी या म्हणण्याला बराच वेळ दिला, कारण गेम मला आवडायला हवा होता. पण तसं दाखवायचं तर गेमनं ते लक्षात ठेवावं लागतं. आपण ज्याला झोताखाली पाठवलं तो पुढच्या दालनात नाही, त्याच्या साच्यावर कुणी नाही, कुणीतरी आपल्याकडे बघून तोंड फिरवतं. असं काहीतरी. माझ्या खेळण्यात तसं काही जाणवलं नाही. कोडं सुटलं एवढीच नोंद राहिली. माणूस वापरला ही नोंद कुठेच नाही.

याच जातीचा, पण त्याहून वीस वर्षं जुना गेम आहे. 1997 चा 'ऑडवर्ल्ड : एब्ज ऑडिसी'. तुमच्या जन्माआधीचा असेल, आजच्या कॉम्प्युटरवरही चालतो. एब हा मांसाच्या कारखान्यात फरशी पुसणारा गुलाम. एक दिवस त्याला कळतं की आता त्याच्याच जमातीचं मांस डब्यात भरायचं ठरलंय. तो पळतो. तोही बाजूनं दिसणारा गेम, तोही कारखाना, तीच पहारेकऱ्यांची भीती. पण एबच्या हातात पॉइंटर नाही, तोंडात शब्द आहेत. तो आपल्या माणसाजवळ जातो, आधी नमस्कार करतो. मग म्हणतो माझ्या मागे ये, किंवा थांब. अडकलेले 99 जण आहेत. त्यांना सोडवलं नाही तरी गेम पुढे जातो, कुणी अडवत नाही. पण शेवटी एब स्वतः संकटात सापडतो तेव्हा त्याला वाचवायचं की नाही हे बाकीचे ठरवतात, आणि तुम्ही 50 जणसुद्धा सोडवले नसतील तर ते वाचवत नाहीत.

बघा, किती सरळ हिशोब आहे. कुठे भाषण नाही, फलक नाही. एकट्यानं पळालास, मग एकट्यानंच मर.

माझ्या मुलानं तो गेम खेळताना एबचे संवाद अहिराणीत म्हणायला सुरुवात केली. "चाल मन्हा संगे!" "थांब आठेच!" आम्ही दोघं हसून बेजार झालो, आणि मग मला एकदम जाणवलं की हे किती बसतंय. कारखान्यातून पळणारा माणूस दुसऱ्याला हाक मारतो तेव्हा ती हाक कोणत्या तरी बोलीत असते. तुमच्या गेममध्ये ती अहिराणीत का असू नये? तुमच्यातल्या दोघांच्या घरी अहिराणी बोलतात, मला तुमच्या बोलण्यावरून कळलं. डेमोत मात्र सगळीकडे इंग्रजी होतं, भिंतीवरच्या पाट्यासुद्धा.

आता दुसरी गोष्ट. 'ब्लॅक द फॉल'मधलं जवळजवळ प्रत्येक कोडं एकाच रीतीनं सुटतं. नेमक्या क्षणी, नेमक्या जागी, नेमकं तेच केलं तर. अर्धा सेकंद इकडे तिकडे झाला की गोळी, परत मागे, परत तेच. एका ठिकाणी माझा मुलगा वहीत रेघा ओढत होता, सतरा रेघा झाल्या. अठराव्या वेळी पार झालो तेव्हा काही समजल्याचा आनंद नव्हता, हात एकदाचा बसला एवढंच. 'लिम्बो' करणाऱ्या डेन्मार्कच्या प्लेडेड कंपनीनं 2010 मध्ये याच पद्धतीचा पाया घातला होता, मरत मरत शिकायचं. पण तिथे बहुतेक मरणं काहीतरी सांगून जातात. सापळा कसा चालतो ते दिसतं, पुढच्या वेळी आपण वेगळा विचार करतो. इथे पुष्कळदा विचार बरोबर असतो आणि बोट चुकतं. पॉइंटरचा ठिपका त्या माणसावर नेमका न्यायलाच वेळ लागतो, आणि तेवढ्यात मेलो.

मला हे का खुपतं ते सांगते. गेमची गोष्ट अशी की हा माणूस यंत्राचा भाग होऊन राहिला होता आणि आता त्यानं नकार दिला. पण खेळणाऱ्याला मात्र यंत्राचाच भाग होऊन राहावं लागतं. ठरलेल्या वेळी ठरलेली कळ. साच्यावरच्या माणसाला निदान एवढी मुभा होती की सूत तुटलं तर साचा थांबवून आपल्या पद्धतीनं सांधावं. आप्पांची गाठ वेगळी, शेजारच्यांची वेगळी. कापड बघून कोणी सांधलंय ते जाणकार ओळखायचे. बंडाचा गेम करताय तर खेळणाऱ्याला आपली गाठ मारायला थोडी जागा ठेवा. एकाच दारातून जायच्या तीन वाटा ठेवायला कोड लिहायचं काम वाढतं, मला माहीत आहे. मीही कॉम्प्युटर शिकवते. मग दहा दालनांऐवजी तीन करा.

तिसरी गोष्ट अंधाराची, आणि इथे मला तुमच्याशी भांडायचंच आहे.

'ब्लॅक द फॉल' काळा, करडा आणि मध्ये मध्ये लाल. चित्र म्हणून देखणं आहे. पण काळ्यावर काळी खीळ दिसत नाही. कशाला हात लागतो आणि काय नुसतं मागचं चित्र आहे, हे समजायला भिंत न् भिंत चाचपडत जावं लागतं. आमच्या साध्या मॉनिटरवर तर दुपारच्या उजेडात निम्मं दिसलंच नाही, खिडकीला चादर लावली. 'लिम्बो'ही काळाच आहे, पण तिथे मागे धुक्यासारखा उजेड असतो आणि हात लागणारी वस्तू त्या उजेडावर उठून दिसते. तुमच्या डेमोत तुम्ही 'ब्लॅक द फॉल'चा अंधार घेतलात, आणि वर आणखी काळा केलात. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, "मॅडम, कारखाना आहे ना, डार्कच पाहिजे."

मुलांनो, कारखाना असा नसतो. निदान आपल्याकडची कापड गिरणी अशी नव्हती. साचेखात्याचं छप्पर आठवा, किंवा आजोबांना विचारा. करवतीच्या दातांसारखं. त्या दातांची उभी बाजू काचेची आणि तिचं तोंड उत्तरेला. म्हणजे ऊन थेट आत येत नाही, पण दिवसभर सारखा, सावली न पाडणारा, पांढरा उजेड येतो. का? कारण तुटलेलं सूत दिसलं पाहिजे. केसाएवढा धागा तुटला तर तो दिसायला हवा. त्या उजेडात लपायला जागाच नाही. आणि हवा मुद्दाम ओलसर ठेवलेली, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. मे महिन्यात खान्देशात बाहेर 44-45 अंश, आत ओली वाफ, आणि हवेत तरंगणारे कापसाचे तंतू. आप्पा घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या असायच्या. मी लहान होते तोवर मला वाटायचं, कामावर गेलं की माणूस म्हातारा होतो आणि अंघोळ केली की परत तरुण होतो.

असा कारखाना कोणत्या गेममध्ये आहे? पांढरा, लख्ख, ओला, आणि एवढा मोठा आवाज की शांतता वाटावी. त्यात लपून पळायचं कोडं रचा. अंधारात लपणं सगळ्यांनी केलंय. सगळीकडे उजेड असताना लपायचं कसं? दोन साच्यांच्या मध्ये वाकून, धोट्याच्या तालावर पाऊल टाकत, आणि पलीकडच्या माणसानं डोक्यावर पंजा ठेवला की जागच्या जागी थांबून. तिथे मग दुसऱ्या माणसाशिवाय तुमचा नायक दहा पावलंसुद्धा जाऊ शकत नाही. ही खूण कुठली, ती कोणासाठी, आज त्यानं डबा आणलाय का, हे कळलं तरच पुढचं दार.

रोमानियाच्या त्या मंडळींवर मी अन्याय करत नाहीये ना, हे पाहायला मी त्यांच्या देशाबद्दल बरंच वाचलं. निकोलाय चाउशेस्कू 1965 पासून डिसेंबर 1989 पर्यंत सत्तेवर होता. 1980 च्या दशकात परदेशी कर्ज फेडायचं म्हणून देशातलं धान्य-मांस बाहेर विकलं आणि लोकांना रेशनवर ठेवलं. थंडीत घरं गरम करायची ऊब मोजून मिळायची, वीज कापली जायची. टीव्ही दिवसाला दोनच तास चालायचा. टाइपरायटर घरात ठेवायचा तर पोलिसांकडे नोंदवावा लागे, 1983 चा तसा हुकूमच होता, म्हणजे चोरून छापलेला कागद सापडला तर कोणत्या यंत्राचा ते कळावं. आणि सेक्युरिटाटे, गुप्त पोलीस, ज्यांचे खबरे शेजारीपाजारी असायचे. मग डिसेंबर 1989 मध्ये तिमिशोआरा शहरात लोक रस्त्यावर आले, ते लोण बुखारेस्टला पोचलं आणि 25 डिसेंबरला चाउशेस्कू दांपत्याला गोळ्या घातल्या गेल्या.

हे सगळं वाचून मी थक्क झाले. टाइपरायटरची नोंदणी! या एका गोष्टीवर अख्खा गेम होतो. घरात लपवलेलं यंत्र, त्याचं एक अक्षर थोडं वाकडं पडतं, आणि तुम्हाला ते अक्षर टाळून चिठ्ठी लिहायचीय. जिन्यात शेजारीण भेटते, ती आपली आहे की त्यांची? ही माणसं अशा देशातली, त्यांच्या आईबापांनी हे भोगलेलं. आणि गेममध्ये यातलं येतं ते बहुतेक पुतळे, तसबिरी, झोत आणि बंदुका बनून येतं. जुलूम दिसतो तो भव्य, कुठल्याही देशाचा वाटावा असा. शेजारणीची भीती, रिकामा डबा, थंड खोली, हे जे फक्त त्यांनाच ठाऊक होतं, ते पुसट झालं. जगभरच्या खेळणाऱ्यांना समजावं म्हणून त्यांनी आपलं घर झाकून ठेवलं की काय, अशी मला शंका येते. मला त्यांच्यावर राग नाही, हळहळ आहे. त्यांच्याकडे एवढं होतं.

2013 चा 'पेपर्स, प्लीज' हा लुकास पोप यांचा गेम तुम्ही पाहिला असेल. देश काल्पनिक, पण तिथे तुम्ही सीमेवरच्या खिडकीत बसून लोकांचे पासपोर्ट तपासता. प्रत्येक माणसाला नाव आहे, फोटो आहे, काहीतरी गाऱ्हाणं आहे. रात्री घरी गेल्यावर मिळालेल्या पैशात जेवण घ्यायचं की घर गरम ठेवायचं की औषध, हे ठरवायचं. चित्रं अगदी साधी, खडबडीत. तरी तो गेम संपल्यावर मला दोन रात्री त्यातली माणसं आठवत होती. 'ब्लॅक द फॉल'मधला एकही कामगार मला आज आठवत नाही. आणि यात माझ्या स्मरणशक्तीचा दोष नाही, कारण त्यांना वेगवेगळं केलेलंच नव्हतं.

आता आपल्या अंगणाकडे या. तुम्हाला जुलमी सत्तेचा गेम करायचाय ना? नंदुरबार किती लांब आहे? 9 सप्टेंबर 1942 ला तिथे शाळकरी मुलांची मिरवणूक निघाली आणि पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. पाच मुलं गेली. मी ही नावं लिहिताना मुद्दाम सगळी लिहिली, कारण शाळेत आम्ही पहिलंच नाव पाठ केलं होतं आणि बाकीचे "त्याचे साथीदार" होते. नंदुरबारच्या लोकांनी मात्र पाचही नावं जपली आहेत. एखाद्या गोष्टीत शंभर माणसं झोताखाली उभी केली आणि एकालाही नाव दिलं नाही, तर ती गोष्ट कोणाच्या बाजूची झाली, याचा विचार करा. यादीत आकडे मांडायचं काम सत्ता करतेच.

मी असं म्हणत नाही की नंदुरबारवरच गेम करा. तो विषय फार जपून हाताळायला हवा, त्या घरांतली माणसं आजही आहेत. गिरणीवर करा, भुसावळच्या रेल्वे यार्डावर करा, रावेर-यावलच्या केळीच्या बागेत रात्री पाण्याची पाळी द्यायला जाणाऱ्या बाईवर करा. रात्री वीज येते म्हणून रात्री शेतात जायचं, हाही एक जुलूमच आहे आणि त्यातली कोडी तुमच्या आई-काकांनी रोज सोडवलेली आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 मध्ये 'राजी' काढला तेव्हा आपल्याकडचा गेम जगभर खेळला जाऊ शकतो हे दिसलंच आहे. तो जमला कारण त्यांनी आपल्याकडच्या गोष्टी आणि आपल्याकडची कलाकुसर लपवली नाही.

गिरणी बंद पडली तेव्हा मी सहावीत होते. कोणी पहाटेचा भोंगा वाजवायचं बंद केलं आणि आमच्या आळीला वेळच कळेना. आप्पा पुढे एका जिनिंगमध्ये रखवालदार झाले. त्यांच्या शेजारच्या साच्यावर, ओळीत तिसऱ्या, जे काका होते ते सुरतेला गेले आणि परत आले नाहीत. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, त्यांची माणसं गावात आहेत. पण आप्पा ते नाव अजून घेतात. संध्याकाळी ओट्यावर बसले की कधी कधी हात हवेत जातो आणि करंगळी फिरते. कांडी संपत आली, माझ्याकडे बघ. समोर कोणी नसतं.

तुमच्या डेमोतला तिसऱ्या साच्यावरचा माणूस झोताखाली जाऊन उभा राहिला तेव्हा मी जे दोनदा विचारलं, ते यामुळे.

तर माझी विनंती. पॉइंटर काढा. तो तुमचा नाही, तो दुसऱ्यांच्या गेमची उसनवारी आहे, आणि त्यांच्याही गेममधला तो सर्वांत दुबळा भाग आहे. त्याऐवजी खुणा ठेवा. आप्पा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं, पण हात पक्के आहेत. त्यांना तीसेक खुणा येतात, मला त्यातल्या आठ-दहाच माहीत आहेत. मी त्यांच्याशी बोलून ठेवलंय. कॉलेजची पोरं येतील म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "साचा पाह्यला का त्यांनी कधी?" मी म्हटलं नाही. ते म्हणाले, मग आधी साचा कसा चालतो ते दाखवावं लागेल, नाहीतर खुणा कळणार नाहीत, आणि माळ्यावरून एक जुना धोटा काढून पुसून ठेवलाय.

येताना मोबाइलवर शूटिंग करायची तयारी ठेवा आणि एक मोठी वहीही आणा, कारण ते मध्येच कागदावर चित्र काढून दाखवतात. रविवारी सकाळी दहाच्या आधी या, नंतर ऊन होतं आणि ते झोपतात. चौघंही या. ती मुलगी तर नक्की येऊ दे. तिला मी त्या काकांचं नाव सांगणार आहे.

तुमची,
एका साचेवाल्याची मुलगी
धुळे